नाव, अंक आणि अनुक्रम : गुणात्मक चलांच्या अंकीकरणाचा इतिहास

प्रस्तावना

संख्याशास्त्रीय आज्ञावलीला 'विधवा', 'शेतमजूर' किंवा 'कोष्टी' या शब्दांशी गणित करता येत नाही. तिला अंक लागतात. म्हणून संशोधक प्रश्नावलीच्या समासात संकेतांक लिहितो : अविवाहित १, विवाहित २, विधवा अथवा विधुर ३, घटस्फोटित ४. येथवर अंक हे केवळ एक नाव असते. परंतु तोच अंक संगणकात गेला की त्याची बेरीज होऊ शकते, सरासरी निघू शकते. वैवाहिक स्थितीची सरासरी २.३ आली तरी यंत्र तक्रार करीत नाही. २.३ इतका विवाहित असलेला मनुष्य मात्र कोणत्याही गावात सापडत नाही.

ही चूक नवशिक्या विद्यार्थ्याची समजून सोडून दिली जाते. वस्तुतः तिला शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात मोठमोठी नावे गुंतलेली आहेत. नावासाठी दिलेला अंक पाहता पाहता अनुक्रम कसा बनतो, आणि त्यापासून सुटका करून घेण्याचे कोणते प्रयत्न झाले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

छिद्र, रंग आणि अंक

अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेचे तक्ते तयार होण्यास सात-आठ वर्षे लागली. पुढील जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ याने छिद्रित कार्डांचे यंत्र बनविले. १८८९ मध्ये त्याला त्याचे एकस्व मिळाले व १८९० च्या गणनेत सुमारे ६ कोटी २६ लक्ष लोकांची मोजदाद या यंत्रावर झाली. कार्डावर टाचण्या दाबल्या जात. जेथे छिद्र असेल तेथे टाचणी पाऱ्याच्या वाटीत उतरून विद्युत्मंडल पूर्ण होई आणि संबंधित तबकडीचा काटा एकाने पुढे सरके.

या कार्डाची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. वंशाच्या नोंदीसाठी त्यावर अंक नव्हताच. गोरा, काळा, मुलाटो, क्वाड्रून, ऑक्टोरून, चिनी, जपानी, इंडियन या प्रत्येकासाठी स्वतंत्र जागा होती. छिद्र पडले किंवा पडले नाही, एवढेच. हे वर्ग माणसांवर लादण्यामागे वंशभेदाचे राजकारण होते, हे निराळे सांगावयास नको. तथापि यंत्राच्या दृष्टीने मुलाटो हा गोरा व काळा यांच्या 'मधला' नव्हता. यंत्र त्याला फक्त मोजत होते.

पुढे व्यापारी हिशेबासाठी कार्डावर बेरजेची सोय आली आणि १९२८ मध्ये आयबीएमचे ८० स्तंभांचे कार्ड प्रचारात आले. प्रत्येक स्तंभात ० ते ९ पैकी एक अंक बसे. सर्वेक्षण करणाऱ्यांनी एका प्रश्नाला एक स्तंभ दिला, आणि आठ जागांचे काम एका अंकावर आले. जागेची बचत झाली खरी. पण आता धर्माचा अंक आणि मुलांच्या संख्येचा अंक यांत कार्डाला फरक कळेनासा झाला. 'उत्तर दिले नाही' याला ९ किंवा ९९ देण्याची रीतही याच पद्धतीतील. वयाच्या रकान्यातील ते ९९ सरासरीत मिसळून गेल्याचे अनुभव सर्वेक्षणाच्या क्षेत्रात सर्वपरिचित आहेत.

हिंदुस्थानात १९०१ च्या जनगणनेत यंत्र नव्हते, चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक व्यक्तीची एक चिठ्ठी. धर्म कागदाच्या रंगावरून आणि लिंग व वैवाहिक स्थिती छापील चिन्हावरून ओळखावयाची, व चिठ्ठ्या खणांत वाटून मोजावयाच्या, अशी ही पद्धत होती. रंगांची बेरीज करण्याचा मोह कोणालाही होत नाही. परंतु याच गणनेत आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने जातींची मांडणी 'सामाजिक अग्रक्रमा'नुसार करण्याचे ठरविले. १८९१ चे आयुक्त जर्व्हॉइस बेन्स यांनी जातींचे गट पारंपरिक व्यवसायांवरून पाडले होते. रिस्लेने नावांची उतरंड रचली. नाकाच्या मापाचा आणि सामाजिक दर्जाचा संबंध जोडण्याचा त्याचा प्रयत्न प्रसिद्धच आहे. या उतरंडीत आपले स्थान वर सरकावे म्हणून जातिसभांनी अर्जांचा वर्षाव केला. १९११ च्या गणनेच्या वेळी एकट्या बंगालमध्ये आलेल्या अर्जांचे वजन दीड मण भरले असे नमूद आहे. नावाचे रूपांतर क्रमात करण्यासाठी संगणकाची गरज नव्हती, हे यावरून स्पष्ट व्हावे.

पिअर्सन आणि यूल यांचा वाद

नेमका हाच प्रश्न त्या सुमारास लंडनमध्ये गणिताच्या भाषेत लढविला जात होता. १९०० मध्ये कार्ल पिअर्सन यांनी संख्येने न मोजलेल्या गुणधर्मांचा सहसंबंध काढण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांचे गृहीत असे की, डोळ्यांचा रंग किंवा घोड्याच्या अंगाचा रंग हे वर्ग वरवरचे आहेत. त्यांच्या तळाशी एक अखंड, प्रसामान्य वितरणाची राशी असते आणि वर्ग म्हणजे त्या राशीचे कापलेले तुकडे. त्याच वर्षी त्यांचे एकेकाळचे विद्यार्थी व सहायक जी. उडनी यूल यांनी गुणधर्मांच्या साहचर्यावर आपला निबंध सादर केला. यूल यांना तळाची राशी नको होती. चार घरांचा तक्ता घ्यावा, कर्णावरील संख्यांच्या गुणाकारांची तुलना करावी, आणि −१ ते +१ यांमध्ये बसणारा गुणांक काढावा, एवढेच त्यांचे म्हणणे.

१९१२ मध्ये यूल यांनी पिअर्सन यांच्या रीतीवर उघड टीका केली. त्यांचे उदाहरण देवीच्या साथीचे होते : लस टोचलेले व न टोचलेले, वाचलेले व दगावलेले. देवीने मेलेला एक रुग्ण दुसऱ्याहून अधिक मेलेला असतो काय? तेथे अखंड राशी कल्पिणे म्हणजे नसलेली वस्तू मोजणे होय. पिअर्सन व डेव्हिड हेरॉन यांनी १९१३ मध्ये 'बायोमेट्रिका'त दिलेले उत्तर दीडशेहून अधिक पृष्ठांचे आहे. एवढी पृष्ठे केवळ सूत्रासाठी खर्ची पडली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

पिअर्सन यांना भावंडांच्या उंचीतील साम्य आणि त्यांच्या बुद्धीतील साम्य एकाच मापाने मोजावयाचे होते. शिक्षकांनी शाळकरी भावंडांविषयी दिलेल्या शेऱ्यांना त्यांनी ही रीत लावली. शारीरिक गुणांप्रमाणेच येथेही सुमारे ०.५ गुणांक आला, आणि मानसिक गुणही शारीरिक गुणांइतकेच आनुवंशिक आहेत असा निष्कर्ष त्यांनी १९०३ मध्ये मांडला. एकाच घरात, एकाच ताटात वाढलेल्या भावंडांविषयी शिक्षकाचे मत सारखे का होते, याची अन्य कारणे त्यांना पुरेशी वाटली नाहीत. सुप्रजननवादाला हवा असलेला पुरावा अशा रीतीने शेऱ्यांतून निघाला. डोनल्ड मॅकेन्झी यांनी १९८१ च्या ग्रंथात या वादाचा सुप्रजननवादाशी जोडलेला संबंध या कारणास्तव पटण्यासारखा आहे. अर्थात काही वर्गांच्या तळाशी खरोखरच अखंड राशी असते, हेही खरे. पिअर्सन यांची रीत मानसमापनात आजही वापरली जाते.

आज्ञावलींचा काळ

१९४६ मध्ये एस. एस. स्टीव्हन्स यांनी नामदर्शक, क्रमदर्शक, अंतरदर्शक व गुणोत्तर अशा चार मापनश्रेणी सांगितल्या. नामदर्शक श्रेणीसाठी त्यांनी दिलेले फुटबॉलपटूंच्या क्रमांकाचे उदाहरण आजही पाठ्यपुस्तकांतून भेटते. १९५७ मध्ये डॅनियल सूट्स यांनी प्रतिगमनात डमी चल वापरण्याची रीत सुस्पष्ट केली. प्रत्येक वर्गाला स्वतंत्र स्तंभ. असेल तर १, नसेल तर ०. हॉलरिथचे छिद्र एका अर्थाने परत आले! मात्र सर्व वर्गांचे स्तंभ आणि स्थिरांक एकत्र घेतल्यास समीकरणे सुटत नाहीत. म्हणून एक वर्ग वगळावा लागतो आणि तो तुलनेचा आधार ठरतो. अमेरिकेतील वेतनविषयक अभ्यासांत हा आधार बहुधा गोरा पुरुष असे. उरलेले सर्व त्याच्यापासूनच्या अंतराने मोजले जात. आधार बदलला तरी अनुमानित वेतन बदलत नाही. बदलते ते वाक्य.

१९६८ मध्ये आलेल्या एसपीएसएसने अंकाला शब्दांची चिठ्ठी चिकटविण्याची सोय दिली. बेल प्रयोगशाळेत १९७६ पासून घडत गेलेल्या एस भाषेत आणि तिच्यावरून ऑकलंड येथे तयार झालेल्या आर भाषेत 'फॅक्टर' हा स्वतंत्र प्रकार आला. फॅक्टरची सरासरी मागितली तर आर नकार देते, ही मोठीच सुधारणा. पण आतमध्ये अंक आहेतच. 'उपलब्ध नाही' असा एखादा शब्द रकान्यात असला की पूर्वी आर तो संपूर्ण रकाना फॅक्टर समजे. मग ५, १०, २० या किमतींचा क्रम अक्षरानुसार १०, २०, ५ असा लागे. त्यांचे पुन्हा अंक करावयास सांगितले की ५ च्या जागी ३ येई, आणि कोणताही इशारा मिळत नसे. शब्दांचे आपोआप फॅक्टर करण्याची ही पद्धत २४ एप्रिल २०२० रोजीच्या ४.०.० आवृत्तीत बंद झाली. तुलनेचा आधार मात्र वापरणाऱ्याने न सांगितल्यास अक्षरक्रमात पहिला येणारा वर्गच होतो.

संकेतसूचीविना जातगणना

आज्ञावली कितीही सावध झाली तरी तिच्यापर्यंत येणारे वर्ग आधी कोणीतरी ठरवावे लागतात. ते न ठरविल्याचे उदाहरण महाराष्ट्राला जवळून पाहावे लागले. स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न २०२१ मध्ये न्यायालयीन निर्णयाने उभा राहिला, तेव्हा राज्य शासनाने २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेची आकडेवारी मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये प्रतिज्ञापत्र दिले. १९३१ च्या गणनेत ४,१४७ जाती होत्या. २०११ मध्ये ४६ लक्षांहून अधिक नावे आली. महाराष्ट्रात अधिकृत सूचींतील जाती ४९४. नोंदली गेलेली नावे ४,२८,६७७, आणि त्यांतील ९९ टक्क्यांहून अधिक नावांखाली शंभरांपेक्षाही कमी माणसे होती.

प्रगणनेपूर्वी जातींची नोंदसूची तयार केलेली नव्हती. प्रगणकाने ऐकले तसे लिहिले; मलबारमधील मापिल्ला समाजाचे नाव चाळीस प्रकारे लिहिले गेले. यंत्राच्या लेखी एका ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने नवी जात जन्माला येते. १५ डिसेंबर २०२१ रोजी राज्याची याचिका फेटाळली गेली आणि त्या आकड्यांचा उपयोग आरक्षणासाठी झाला नाही.

आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र शासनाने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख ठरली. कोणते नाव स्वतंत्र, कोणते पोटनाव, कोणते केवळ लेखनभेद, हे ठरविण्याचे काम आज्ञावलीवर सोपविता येण्यासारखे नाही. रिस्लेच्या काळी आले तसे अर्ज तेथेही येणारच. या वेळी ते कागदावर नसल्याने त्यांचे वजन करता येणार नाही, इतकेच.