आयरिश व्हिस्की आणि पोर्टचं पिंप : ‘फिनिश’ जमला की फसला, ओळखायचं कसं?

बाटलीवर ‘पोर्ट फिनिश’, ‘शेरी फिनिश’ किंवा ‘रम कास्क फिनिश’ असं छापलेलं असलं की किंमत चढते. विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानात अशा आयरिश बाटल्या हल्ली हमखास दिसतात. पण त्या एका शब्दामुळे ग्लासात नेमकं काय वाढतं? फिनिशने व्हिस्की सुधारते तशी झाकलीही जाते. हजारो रुपये मोजण्याआधी हा फरक कळलेला बरा.

आयरिश कोणाला म्हणायचं?

नियम सरळ आहेत. धान्यापासून बनलेली, आयर्लंड बेटावरच गाळलेली आणि तिथेच किमान ३ वर्षं लाकडी पिंपात मुरलेली व्हिस्की म्हणजे आयरिश. पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. बाटलीत अल्कोहोल किमान ४० टक्के हवं. वरून फक्त पाणी आणि रंगापुरतं साधं कॅरामेल घालायची मुभा आहे.

यात सीमाभागातल्या वाचकांनी लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. आयर्लंड बेटावरून राजकीय सीमा जाते. उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे, बाकीचा भाग स्वतंत्र प्रजासत्ताक. पण ‘आयरिश व्हिस्की’ हे नाव दोन्ही बाजूंचं आहे. बुशमिल्स ही जुनी डिस्टिलरी उत्तरेकडच्या अँट्रिम परगण्यात, तर जेमसन दक्षिणेकडच्या कॉर्क परगण्यात बनते. दोन्ही आयरिशच.

फिनिश म्हणजे दुसऱ्या घरचा मुक्काम

बहुतेक आयरिश व्हिस्की अमेरिकेतून आलेल्या बर्बनच्या रिकाम्या पिंपात मुरते. अमेरिकी कायद्याप्रमाणे बर्बनला दर वेळी नवं कोरं, आतून जाळलेलं ओक लाकूड लागतं. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं बाहेर विकायला निघतात. त्यातून व्हॅनिला, मध, पिकलेल्या केळ्यासारखा गोडवा येतो.

अशी मुरलेली व्हिस्की शेवटी काही महिने ते एक-दोन वर्षं दुसऱ्या पिंपात ठेवली, म्हणजे फिनिश झाला. आधी त्या पिंपात शेरी, पोर्ट, रम किंवा बिअर असते. लाकडात शिरलेला तो अंश व्हिस्कीत उतरतो. पद्धत स्कॉटलंडमध्ये १९८० च्या दशकात रुळली आणि पुढे आयर्लंडनेही उचलली. आयरिश नियमात ओकशिवाय इतर लाकूडही चालतं. ‘मेथड अँड मॅडनेस’ या मालिकेत चेस्टनटच्या पिंपाचा प्रयोग झालेला आहे.

इथे एक घोळ होतो. घोट गिळल्यावर तोंडात रेंगाळणाऱ्या चवीलाही इंग्रजीत ‘फिनिश’च म्हणतात. बाटलीवर छापलेला फिनिश पिंपाचा असतो, तोंडातला वेगळा.

नमुना : बुशमिल्स १६

बार्लीच्या माल्टपासून तीनदा गाळलेली ही व्हिस्की बर्बन आणि ओलोरोसो शेरीच्या पिंपांत मुरते आणि शेवटचे काही महिने पोर्टच्या पिंपात काढते. पोर्ट ही पोर्तुगालची गोड, कडक केलेली वाईन. तिच्या सुमारे ५५० लिटरच्या लांबट पिंपाला ‘पाईप’ म्हणतात, पोर्तुगीजमध्ये ‘पिपा’. आपला ‘पिंप’ हा शब्दही याच पोर्तुगीज शब्दावरून मराठीत आलेला आहे.

बुशमिल्सच्या बाटलीवरचं १६०८ हे साल त्या भागात दारू गाळायला मिळालेल्या राजाच्या परवान्याचं आहे. कंपनी म्हणून नोंद १७८४ ची. साल बघून पैसे देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

चाखायची रीत

१. तोंडाशी निमुळता, ट्युलिपच्या आकाराचा छोटा ग्लास घ्यावा. १५ मिली पुरते. बर्फ नको, सोडा नको. थंडीत वास मिटतो.

२. रंगावर जाऊ नये. कॅरामेलची मुभा असल्याने गडद म्हणजे जुनी, असं काही नसतं.

३. ग्लास ५-१० मिनिटं तसाच ठेवावा. मग तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यावा. नाक एकदम आत खुपसलं तर फक्त स्पिरिटचा झटका बसतो.

४. आधी तळाचा वास शोधावा : धान्य, मध, व्हॅनिला. मग वरचा : मनुका, सुकं अंजीर, जांभूळ, बदाम. परदेशी चाखणारे प्लम, ब्लॅकबेरी लिहितात. आपल्या नाकाला जे ओळखीचं वाटेल तेच नाव द्यावं, त्यात कमीपणा नाही.

५. छोटा घोट जिभेवर सगळीकडे फिरवून गिळावा. चव किती वेळ राहते आणि शेवटी काय उरतं, ते बघावं.

६. आता चार-पाच थेंब पाणी. खरी परीक्षा इथे आहे.

पाणी खरं बोलतं

फिनिश जमलेला असेल तर पाण्यानंतर दोन्ही थर उघडतात. मनुकांचा गोडवा असतोच, पण त्याखाली माल्टचं धान्य आणि मधही राहतं. फसलेला असेल तर वरची गोडी विरघळते आणि खाली कच्चा, जळजळीत स्पिरिट उघडा पडतो. म्हणजे कोवळ्या व्हिस्कीवर गोड पांघरूण घातलेलं होतं.

आणखी तीन खुणा आहेत. जास्त उकळलेल्या चहासारखा तुरटपणा आला तर लाकूड जास्त झालं. विझलेली काडी किंवा रबर यासारखा वास आला तर गंधक. शेरीची पिंपं टिकवायला पूर्वी गंधक जाळायचे, त्यातून हा दोष यायचा. आणि नुसती पोर्टच पितोय असं वाटलं, तर पाहुण्याने घर बळकावलं म्हणायचं.

एकटी बाटली फसवते

जोडीला साधं भावंड असल्याशिवाय फिनिश नीट कळत नाही. बुशमिल्स १० शेजारी ठेवता येते, पण तिथे वयाचाही फरक आहे. पिंपाचा फरक जास्त स्वच्छ दिसतो तो साधी जेमसन आणि ‘कास्कमेट्स स्टाउट’ यांच्यात. कॉर्कमधल्या एका छोट्या ब्रुअरीला जेमसनने पिंपं दिली, त्यात काळी स्टाउट बिअर मुरली, पिंपं परत आली आणि त्यात जेमसन ठेवली. कॉफी-कोकोची छटा येते ती तिथून.

घरच्याने ग्लास भरावेत : तीन ग्लास, दोन एकसारखे, एक वेगळा. बाटली न बघता वेगळा ओळखायचा. एकदा योगायोगानेही जमतं, म्हणून तीन-चार वेळा करावं. दर वेळी चमचाभरच ओतावं. वेगळा ओळखताच येत नसेल, तर जादा पैसे लेबलला गेले. दुसरी फुकटची परीक्षा म्हणजे रिकामा ग्लास रात्रभर ठेवून सकाळी हुंगणं. चांगल्या पिंपाचा वास तेव्हाही असतो.

गोव्यात कुंकळ्ळीला बनणाऱ्या पॉल जॉन सिंगल माल्टमध्येही ओलोरोसो पिंपाचे प्रकार आले आहेत. पद्धत तीच, हवा वेगळी. आयर्लंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं. गोव्याच्या उष्म्यात त्याच्या कित्येक पट. त्यामुळे इथे लाकूड लवकर चढतं आणि तुरटपणाची खूण आधी तपासावी लागते.

हेही लक्षात ठेवा

महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं आणि पिण्याचा परवानाही लागतो. गोव्यात वयाची अट २१. गोव्यातली बाटली परवान्याशिवाय सीमेपार आणणं गुन्हा आहे. बडोद्याच्या वाचकांसाठी ही माहिती दारूबंदीमुळे वाचनापुरतीच. आणि चाखणं म्हणजे १५ मिली. ग्लास कितीही चांगला लागला तरी त्यानंतर गाडीची चावी हातात घेऊ नये.