बार्जीवरचे दिवे आणि मयेचे वायरमन

मयेचा विषय निघाला की आपण तळ्याबद्दल लिहितो, महामायेबद्दल लिहितो, नाहीतर जमिनीच्या न सुटलेल्या प्रश्नाबद्दल. ते योग्यच आहे. पण आपल्या गावातली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं रात्रीची नदीवर असायची, त्यांच्याबद्दल फारसं कोणी लिहिलेलं मी वाचलं नाही. तांडेल आणि खलाशी निदान लोकांच्या लक्षात तरी आहेत. बार्जीवरचे दिवे चालू ठेवणारा वायरमन मात्र पार विसरला गेला. म्हणून आज त्यांच्याबद्दल.

नवीन पिढीसाठी थोडी पार्श्वभूमी. डिचोलीच्या खाणींवरचा माल ट्रकातून नदीकाठच्या धक्क्यावर यायचा. आपल्याला जवळचा म्हणजे पिळगावचा सारमानस. तिथून बार्जीत भरून मांडवीतून खाली, मग समुद्रातून मुरगाव बंदरात. सुरुवातीच्या काळात शिडाचे पडाव आणि मचवे होते, पुढे इंजिनाच्या लोखंडी बार्जी आल्या. पावसाळ्यात आग्वादजवळच्या मुखाशी वाळूचा दांडा आणि खवळलेला समुद्र, त्यामुळे तिकडून जाणं बंद. मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून आतल्या आत जुवारीत उतरायचं. 2010-11 साली गोव्यातून 5 कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर गेलं, त्यातला बहुतेक माल या दोन नद्यांवरूनच.

एवढी वाहतूक दिवसा उरकणारी नव्हती. भरलेली बार्ज पाण्यात खोल बसते, तिला उथळ जागी भरतीचं पाणी लागतं. भरती काही आपल्या घड्याळाकडे बघून येत नाही. रात्री दोनला पाणी मिळालं तर दोनला निघायचं. वाटेत सारमानस-टोंक फेरीबोट आडवी जाणार, एक कंदील घेऊन बसलेली मासेमारीची होडी असणार, समोरून रिकामी बार्ज येणार. अशा वेळी दिवा म्हणजे उजेड पाडायची वस्तू नव्हे. दिवा म्हणजे मी कोण, कुठे तोंड करून आहे, हे दुसऱ्याला सांगणं.

डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, वर डोलकाठीवर पांढरा, मागे पांढरा. लाल आणि हिरवा दिवा प्रत्येकी समोरपासून आपापल्या बाजूला 112.5 अंशांतच दिसला पाहिजे. समुद्रासाठीचे हे नियम 1972 साली ठरले आणि 1977 पासून लागू झाले. नदीतल्या बोटींसाठी आपल्याकडे 1917 चा कायदा होता, आता 2021 चा आहे, आणि गोव्यात हे सगळं पणजीचं कॅप्टन ऑफ पोर्ट्स खातं बघतं. समोरून लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर बोट सरळ आपल्या अंगावर येते आहे. आता समजा त्यातला लाल विझला. समोरच्याला फक्त हिरवा दिसतो, त्याला वाटतं ही आपल्या उजवीकडे निघाली. म्हणून तो डावीकडे वळवून निर्धास्त होतो, आणि हजार टन माल घेतलेली बार्ज सरळच येत असते. तिला ब्रेक नसतो, बाबांनो. सगळेच दिवे गेले तर तांडेल निदान घाबरून नांगर टाकतो. एकच गेला तर त्याला पत्ताही लागत नाही, कारण सुकाणूघरातून बाजूचे दिवे दिसतच नाहीत. म्हणून मी म्हणतो, बार्जीवर एक दिवा जाणं हे सगळे जाण्यापेक्षा वाईट.

आता वायरिंगकडे येऊ. जुन्या बार्जींवर दिवे 24 व्होल्टचे, बॅटरीवर. 12 च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, इंजिनावरच्या अल्टरनेटरने चार्ज होणाऱ्या. बल्ब दिसायला घरच्यासारखाच, तीच दोन पिनांची टोपी. कितीतरी खलाश्यांनी तो घरी नेऊन होल्डरात लावला आणि फाट्कन उडालेला बघितला आहे.

हे वायरिंग सांभाळणारी आमच्या भागातली बरीच माणसं मुळात ट्रकांच्या कामात तयार झालेली. खाणीवर ट्रक होते, ट्रकांना ऑटो इलेक्ट्रिशियन लागायचे, तिथूनच काहीजण धक्क्यावर आणि धक्क्यावरून बार्जीवर चढले. कोणाकडे आयटीआय होतं, बहुतेकांकडे नव्हतं. आमच्या वाड्यावरचे एक मामा असेच. हाताखाली मुलगा हवा म्हणून सुट्टीत मला न्यायचे, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर आहे. शिर्गावच्या जत्रेला ते धोंड म्हणून जायचे, तेवढे दिवस सोडले तर बार्जीवरून बोलावणं आलं आणि ते गेले नाहीत असं सहसा व्हायचं नाही.

ट्रकावरून आलेल्या माणसांनी कामाचा वेग आणला, हे खरं. पण ट्रकाची एक सवयही आणली, आणि माझ्या मते बार्जीवरच्या निम्म्या भानगडी तिथून सुरू झाल्या. ट्रकावर दिव्याला एकच वायर जाते. परतीची वाट म्हणजे ट्रकाची बॉडी. बार्जीवर मूळ वायरिंग दोन वायरींचं, जाणारी वेगळी आणि येणारी वेगळी, लोखंडी अंगाशी दोन्हींचा संबंध नाही. पण परतीची वायर कुठे कुजली, माल भरायची घाई आहे, नवीन वायर ओढायला अर्धा दिवस जाणार. मग काय, दिव्याजवळच एक बोल्ट घासून तिथे वायर आवळली की दिवा लागला. तांडेल खूश, मालक खूश. ट्रक कोरड्यावर चालतो, बार्ज खाऱ्या पाण्यात बसलेली असते, हा फरक त्या बोल्टाला सहा महिन्यांत कळायचा. गंज चढायचा, दिवा पुन्हा मंद. आणि वीज लोखंडातून वाट काढू लागली की पाण्यात तेच लोखंड खाल्लं जातं, ते वेगळंच.

मामांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. दिवा गेला म्हणून खलाशी नवा बल्ब घेऊन पुढे आला की म्हणायचे, "बल्ब मागीर. पयलीं वाट पळय." वाट म्हणजे परतीची वायर.

त्यांचं मुख्य हत्यार मीटर नव्हतं. होल्डरात 24 व्होल्टचा एक बल्ब, त्याला दोन लांब वायरी, एवढाच टेस्ट लॅम्प. मीटर त्यांच्या पिशवीत असायचा, पण त्यावर त्यांचा भरवसा कमी, आणि त्याला कारण होतं. जोडाला हिरवा चढलेला असला, तांब्याची एखादीच तार धरून राहिलेली असली, तरी मीटर पूर्ण 24 दाखवतो, कारण मीटर स्वतः वीज जवळजवळ ओढतच नाही. टेस्ट लॅम्प ओढतो. त्याच जागी लॅम्प लावला की मिणमिणतो आणि जोडाचं सोंग उघडं पडतं. बॅटरीकडून दिव्याकडे एकेक जोड तपासत जायचं, आणि लॅम्प जिथे उजळायचा थांबला त्याच्या अलीकडेच दोष. मग तेच परतीच्या वायरीवर.

लांबीचाही हिशेब असतो. 60 वॅटचा बल्ब 24 व्होल्टवर अडीच अँपिअर घेतो. सुकाणूघर मागे, पुढचा दिवा 40 मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन 80 मीटर वायर. दीड चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर वाटेतच जवळपास अडीच व्होल्ट जातात. दहा टक्के व्होल्टेज कमी म्हणजे उजेड दहा टक्के कमी असं नाही, तारेच्या बल्बाचा उजेड सुमारे तीस टक्के पडतो. वायरीत दोष काहीच नाही, फक्त बारीक आहे. घरचं वायरिंग करणारे इथेच फसायचे, कारण 230 व्होल्टवर तीच वायर छान चालते.

एका बार्जीची गोष्ट मला चांगली आठवते. सर्चलाइट लावली की बाजूचे दोन्ही दिवे मंदावायचे, बंद केली की पुन्हा ठीक. सगळ्यांनी बॅटरीवर बोट ठेवलं. नव्या दोन बॅटऱ्या आल्या, तरी तेच. मामांनी बॅटरीच्या टोकांवर लॅम्प धरून सर्चलाइट लावायला सांगितली. लॅम्प तसाच राहिला, म्हणजे बॅटरी निर्दोष. मग सुकाणूघराच्या मागच्या जंक्शन बॉक्सवर तेच केलं, आणि लॅम्प बसला. सर्चलाइट आणि बाजूचे दिवे यांची परतीची वाट एकच होती, आणि ती कोणीतरी कधीतरी भिंतीच्या एका बोल्टवर आणून ठेवली होती. वरून रंगाचे तीन थर. रंग खरवडला तर खाली वायरीच्या टोकाचा नुसता भुगा. त्या दिवशी त्यांनी बोल्ट साफ करून भागवलं नाही. दोन स्वतंत्र वायरी ओढल्या, टोकांना व्हॅसलीन लावलं, आणि बॉक्सचं तोंड खाली केलं, म्हणजे पाणी आत साचणार नाही. संध्याकाळ झाली. मालकाला बॅटऱ्यांचे पैसे गेल्याचं दुःख जास्त होतं.

अर्थ शोधायची त्यांची पद्धत तर मला अजून जादूच वाटते. दोन सारखे बल्ब एकामागे एक, प्लस आणि मायनसच्या मध्ये. दोघांच्या मधल्या जोडातून एक वायर बार्जीच्या लोखंडाला. सगळं ठीक असेल तर दोघे सारखेच अर्धवट पेटतात. प्लसची वायर कुठे लोखंडाला लागली असेल तर प्लसकडचा विझतो आणि दुसरा पूर्ण पेटतो. मायनस लागली असेल तर उलट. मग एकेक स्विच बंद करत जायचं, ज्या स्विचला दोघे पुन्हा सारखे झाले तीच लाइन. एका ठिकाणी लागलेल्या वायरीने काही बिघडत नाही, दिवे चालू राहतात, म्हणून कोणी लक्ष देत नाही. दुसरी विरुद्ध बाजूची वायर लागली की थेट शॉर्ट. फ्यूजमध्ये कोणी शहाण्याने जाड तार घातलेली असेल तर वायर तापते, आणि ती इंजिनरूममधून गेलेली असते.

10 सप्टेंबर 2012 ला सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. 2014 ला मर्यादेसह परवानगी, आणि मार्च 2018 मध्ये पुन्हा सगळं ठप्प. खाणींनी आपल्या विहिरींचं, शेतांचं काय केलं हे मयेला वेगळं सांगायला नको, त्यावर या आधी भरपूर भांडण झालं आहे. मी फक्त नदीवरचं सांगतो. बार्जी ओळीने उभ्या राहिल्या. उभ्या बार्जीवरही रात्री नांगराचा पांढरा दिवा लागतो, पण इंजिन बंद म्हणजे चार्जिंग बंद. आधी बॅटऱ्या मेल्या, मग काहींतून गेल्या, मग तांब्याची केबलही गेली. बऱ्याच बार्जी शेवटी भंगारात निघाल्या. वायरमन लोकांपैकी कोणी पणजीच्या कॅसिनो बोटींवर गेले, कोणी आखातात, कोणी घरांचं वायरिंग करू लागले. मामा घरीच बसले. जमिनीचा कागद नावावर नाही, कर्ज कशावर काढणार? 1964 च्या कायद्यात अडकलेलं आपलं गाव, 2014 चा नवा कायदा झाला तरी सनदांची वाट बघतच होतं. बार्जीचा पगार थांबला तेव्हा मयेत ते जास्त लागलं, असं मला वाटतं.

आता डिचोलीचा ब्लॉक लिलावात गेला, त्यात मयेचाही भाग आहे, आणि सारमानसचं नाव पुन्हा ऐकू येतं. उरलेल्या जुन्या बार्जींवर एलईडी दिवे चढले आहेत. वीज कमी खातात, चांगलेच आहेत. पण एक गोष्ट कामावरच्या मुलांनी लक्षात ठेवावी. एलईडी 24 वरही लागतो आणि बऱ्याचदा 12 वरही, त्यामुळे कुजलेला जोड दिसूनच येत नाही. जुना बल्ब मंद होऊन आधी सांगायचा, हा शेवटपर्यंत झगझगतो आणि एका रात्री एकदम जातो. पिशवीत एक जुना 24 व्होल्टचा बल्ब ठेवा.

मामांचा टेस्ट लॅम्प अजून आमच्याकडे आहे, होल्डर पितळेचा. सारमानसच्या धक्क्यावरचे किंवा बार्जीवरचे जुने फोटो कोणाकडे असतील तर खाली टाका. आणि मये, पिळगाव, नार्वे भागातल्या ज्यांनी बार्जीवर वायरिंगचं काम केलं त्यांच्या घरच्यांनी जरूर लिहा, कुठल्या वर्षापासून होते तेवढं तरी.