तिकीट, चित्र आणि गावाचा शिक्का

चित्राचं पोस्टकार्ड, त्या चित्राशी जुळणारं टपालतिकीट आणि त्या विषयाशी नातं असलेल्या गावच्या पोस्टाचा शिक्का. तिकीट चित्राच्याच बाजूला चिकटवून ही तिन्ही एका कार्डावर आली, की तिकिटं जमवणारे त्याला मॅक्सिमम कार्ड म्हणतात. बोलताना नुसतं मॅक्स कार्ड. विषय जुळला पाहिजे, स्थळ जुळलं पाहिजे आणि काळ जुळला पाहिजे. प्रदर्शनात परीक्षक हेच तिन्ही तपासतात.

माझी नोकरी नाशिक जिल्ह्यात पोस्टात झाली. आधी काउंटरवर, मग लहान गावांच्या उपडाकघरांत पोस्टमास्तर म्हणून. लोकांच्या कार्डांवर शिक्के मारता मारता मलाही या कार्डांचा नाद लागला. या छंदाविषयी बोलताना बहुतेक जण तिकिटाचं कौतुक करतात, काही जण चित्राचं. मी शिक्क्याच्या बाजूने बोलणार आहे. तिकीट दुकानातून विकत घेता येतं, चित्रही मिळतं. पण गावाचा शिक्का त्या गावच्या पोस्टातूनच यावा लागतो. आपल्याकडचा या छंदाचा इतिहास चाळताना मला पुन्हा पुन्हा हेच दिसत आलं आहे.

सुरुवात साध्या कार्डापासून. जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत 1 ऑक्टोबर 1869 रोजी निघालं. आपल्याकडे ते 1 जुलै 1879 रोजी आलं, पाव आण्याला. पत्राला तेव्हा अर्धा आणा पडे, म्हणजे खुशाली निम्म्या खर्चात कळू लागली. त्या कार्डावर चित्र नव्हतं. राणीचा छापील मुखवटा आणि बाकी कोरी जागा. चित्रांची कार्डं एकोणिसावं शतक संपता संपता आली आणि विसाव्याच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत त्यांचं पेवच फुटलं. मुंबईत क्लिफ्टन आणि फोटोटाइप कंपनीची कार्डं विकली जात. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे देवादिकांच्या मोठ्या तसबिरींबरोबर पोस्टकार्डंही छापली गेली. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि जे. जे. स्कूलमध्ये घडलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं कार्डांसाठी रंगवली. त्या कार्डांतली कोळीण किंवा पारशीण पाहिली की लुगड्याची नेसण, दागिने, उभं राहण्याची ढब हे सगळं शंभर वर्षांनंतरही स्पष्ट वाचता येतं.

इतकी सुंदर कार्डं होती, मग मॅक्सिमम कार्डं का झाली नाहीत? कारण तिकिटावर चित्रच नव्हतं. व्हिक्टोरिया राणी, मग एडवर्ड, मग पाचवा जॉर्ज. भारताच्या तिकिटांवर नुसते राजमुखवटे होते. हौशी लोक तेव्हाही चित्राच्या बाजूला तिकीट लावत, शिक्का चित्रावर यावा म्हणून. अशी कार्डं जुन्या बाजारात आजही सापडतात. पण ताजमहालाच्या चित्रावर राजाचा मुखवटा बसला तर विषय जुळत नाही. इजिप्तची गोष्ट वेगळी होती. तिथल्या तिकिटांवर 1867 पासून स्फिंक्स आणि पिरॅमिड होते. तिथे गेलेले प्रवासी पिरॅमिडचं कार्ड घेत, त्यावर पिरॅमिडचंच तिकीट लावत आणि तिथल्याच पोस्टात शिक्का मारून घरी धाडत. या छंदाचे सर्वांत जुने नमुने म्हणून ती कार्डं दाखवली जातात. तेव्हा ना नियम होते, ना नाव. ‘मी इथे येऊन गेलो’ हे आपल्या माणसांना दाखवण्याची ती इच्छा होती आणि त्याचा पुरावा होता शिक्का.

आपल्याकडे दार उघडलं ते 1931 मध्ये. नव्या दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त त्या वर्षी भारताची पहिली स्मारक तिकिटं निघाली. पुराना किल्ला, कौन्सिल हाउस, व्हाइसरॉयचं घर असे विषय होते. राजाही होता, पण शेजारी इमारत आली होती. पुढे 6 मे 1935 रोजी पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाची सात तिकिटं आली. अर्ध्या आण्याच्या तिकिटावर गेटवे ऑफ इंडिया, नऊ पैंच्या तिकिटावर कलकत्त्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल, एक आण्याला रामेश्वरचं मंदिर, अडीच आण्याला ताजमहाल, साडेतीन आण्याला अमृतसरचं सुवर्णमंदिर. आठ आण्याच्या तिकिटावर मंडालेचा पॅगोडा होता, कारण ब्रह्मदेश 1937 पर्यंत हिंदुस्थानातच धरला जाई. ज्या मंडालेत टिळकांनी सहा वर्षं काढली ते मंडाले आपल्या तिकिटावर आहे, हे मराठी संग्राहकाला सांगितलं की तो ते तिकीट पुन्हा नीट पाहतो.

ही सगळी तिकिटं छापली गेली नाशिकरोडला. सिक्युरिटी प्रेस तिथे 1925 मध्ये उभा राहिला. त्याआधी आपली तिकिटं विलायतेत छापून येत. आमच्या भागात प्रेसमध्ये कुणी कामाला नाही असं घर शोधावं लागे. त्यामुळे देशभर ज्याला ‘पोस्टाचं तिकीट’ म्हणतात त्याला आम्ही लहानपणी ‘प्रेसचं तिकीट’ म्हणायचो. गेटवेचं 1924 मध्ये पुरं झालेलं बांधकाम अकरा वर्षांत नाशिकरोडच्या छापखान्यातून तिकीट होऊन पुन्हा मुंबईला गेलं. गेटवेच्या कार्डावर ते अर्ध्या आण्याचं तिकीट आणि वर 1935 चा ‘बॉम्बे’ शिक्का असेल, तर त्यात जुळवायचं काही उरत नाही.

या छंदाला खरा खजिना मिळाला तो 15 ऑगस्ट 1949 रोजी. त्या दिवशी सोळा तिकिटांची पुरातत्त्व मालिका निघाली, तीन पैंपासून पंधरा रुपयांपर्यंत. राजा गेला आणि देशाची दगडातली, विटांतली कामं रोजच्या टपालावर आली. तीन पैंना अजिंठ्याचा हत्ती, सहा पैंना कोणार्कचा घोडा, नऊ पैंना घारापुरीची त्रिमूर्ती, दोन आण्यांना नटराज, तीन आण्यांना सांचीचं तोरण, सहा आण्यांना विजापूरचा गोल घुमट, आठ आण्यांना खजुराहोचं कंदारिया महादेव मंदिर, पंधरा रुपयांना पालिताण्याचा शत्रुंजय. माझ्या मते जगात थोड्याच देशांनी नेहमीच्या वापराच्या तिकिटांसाठी इतकी चांगली निवड केली असेल. बहुतेक प्रत्येक तिकिटाला एक गाव होतं, आणि गावाला पोस्ट.

गाव म्हणजे नेमकं कुठलं, हे ठरवताना मात्र नकाशा उघडावा लागतो. अजिंठ्याचं तिकीट घेतलं तर अजिंठा गावचा शिक्का चालेल की लेण्यांच्या जवळच्या फर्दापूरचा? अभ्यासू संग्राहक जवळचा घेतो, आणि का घेतला ते प्रदर्शनाच्या पानावर लिहितो. गोल घुमटाचा मोह आणखी वेगळा. मुंबईच्या जीपीओची 1913 ची इमारत जॉन बेग यांनी विजापूरच्या घुमटावरून बेतली होती. जीपीओचं चित्र, गोल घुमटाचं तिकीट आणि जीपीओचाच शिक्का असं जमवून आणलेली कार्डं मी पाहिली आहेत. कल्पना गोड आहे, आणि इतिहास म्हणून ती सांगण्यासारखीही आहे. पण मॅक्सिमम कार्ड म्हणून ती टिकत नाही. विजापूरच्या इमारतीला विजापूरचाच साक्षीदार हवा.

याच मालिकेतलं एक आण्याचं बोधिसत्त्वाचं तिकीट या छंदाची ताकद दाखवतं. 1949 च्या तिकिटावर ती मूर्ती उलटी छापली गेली होती. पुढे आलेला हात डावा दिसतो. 1950 च्या जुलैत तिकीट दुरुस्त होऊन पुन्हा निघालं, त्यात हात उजवा आहे. तिकीट एकटं पाहिलं तर सामान्य माणसाला यात काही खटकणार नाही. पण त्याच मूर्तीच्या फोटोच्या कार्डावर 1949 चं तिकीट चिकटवा, चूक लगेच समोर येते. चित्र आणि तिकीट शेजारी ठेवून पडताळणं हेच मॅक्सिमम कार्डाचं काम आहे.

वास्तू झाल्या, पण माणसांच्या तिकिटांना कुठला शिक्का? इथे संग्राहकाला चरित्र वाचावंच लागतं. महर्षी कर्व्यांचं तिकीट 18 एप्रिल 1958 रोजी त्यांच्या शंभराव्या वाढदिवसाला निघालं, आणि कर्वे तेव्हा हयात होते. हयात भारतीयावर निघालेलं ते पहिलं तिकीट. त्याला दापोलीजवळच्या मुरूडचा शिक्का द्यावा, जिथे ते वाढले, की पुण्याचा, जिथे त्यांचा हिंगण्याचा आश्रम उभा राहिला? दोन्ही बरोबर, पण संग्राहक कोणतं कर्व्यांचं आयुष्य दाखवू पाहतो ते शिक्क्यावरून कळतं. शिवाजी महाराजांचं तिकीट 17 एप्रिल 1961 चं. शिवनेरीचं चित्र असेल तर जुन्नर, रायगडाचं असेल तर महाड. गांधीजींच्या 1948 च्या तिकिटांना सेवाग्रामचा शिक्का मिळाला तर मला तो विशेष मोलाचा वाटतो. त्या गावाचं आधीचं नाव सेगाव. शेगावाशी घोळ होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून 1940 मध्ये ते सेवाग्राम झालं. पोस्टाच्या अडचणीतून ज्या गावाचं नाव घडलं, त्या नावाचा शिक्का!

माझ्या जवळचं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. त्यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. त्यांचं तिकीट 30 एप्रिल 1971 रोजी निघालं. जन्मगाव त्र्यंबक, मृत्यू नाशिकला, तिकीट छापलं नाशिकरोडला. सगळं एका जिल्ह्याच्या आत. त्याच 1971 साली रविवर्म्याचंही तिकीट निघालं, दमयंती आणि हंसाच्या चित्राचं. सिनेमाकडे वळण्याआधी फाळके रविवर्म्याच्या छापखान्यात शिळाछापाचं काम करत होते. मळवलीच्या छापखान्यातलं दमयंतीचं जुनं कार्ड हाती आलं आणि त्यावर हे तिकीट लावता आलं, तर चित्रकार, छापखाना आणि तिकीट यांची पुरी कथा त्या एका कार्डावर येईल. असं कार्ड अजून माझ्याकडे नाही. मी शोधते आहे.

आता काउंटरच्या आतल्या बाजूचं. रोज सकाळी शिक्क्याचे तारखेचे खिळे बदलायचे, वहीत ठसा उमटवायचा आणि तो बरोबर असल्याची सही करायची. मग दिवसाचं काम सुरू. संग्राहक कार्ड घेऊन आला की त्याला वाटे, इथे वेळ लागणार. पण चांगला शिक्का ही काही क्षणांचीच गोष्ट आहे, फक्त ती मन लावून करावी लागते. कार्डाखाली थोडं मऊ रबर हवं. शाई कमी हवी. शिक्का निम्मा तिकिटावर आणि निम्मा चित्रावर यावा, गावाचं नाव आणि तारीख दोन्ही वाचता यावी. जुन्या खरखरीत कागदाची कार्डं शाई चटकन पितात. आजच्या गुळगुळीत कार्डावर ती वाळायला वेळ लागतो आणि बोट लागलं की फिसकटते. मी कार्ड परत देताना वर टिपकागद ठेवून द्यायचे. आत्ताची तारीख चालणार नाही, कालची द्या, असा आग्रह धरणारेही येत. तारखेत मात्र तडजोड नाही. शिक्का खोटा झाला तर बाकीच्या दोन्ही गोष्टींचा अर्थ जातो.

आज एका अडचणीची मला काळजी वाटते. नवं तिकीट आलं की त्याच चित्राचं कार्ड घाईघाईने छापून त्यावर लावणारे वाढले आहेत. नियम सांगतो की कार्ड शक्यतो तिकिटाच्या आधीपासून विक्रीत असलेलं असावं आणि चित्र तिकिटाचीच मोठी प्रत नसावी. यामागे शहाणपण आहे. चित्र वेगळ्या डोळ्याने घेतलेलं असेल तरच ते तिकिटाला साक्ष देऊ शकतं. दुसरी अडचण अशी की चित्रांची कार्डंच आता दुकानांतून कमी झाली आहेत. फोनवर फोटो पाठवणाऱ्या प्रवाशाला कार्ड लागत नाही. त्यामुळे आजची गावं, आजचे घाट, आजची बस स्टँडं उद्याच्या संग्राहकाला कार्डावर सापडणार नाहीत. हे मला छंदापेक्षा मोठं नुकसान वाटतं. 1905 च्या मुंबईचा रस्ता आपण कार्डावरून ओळखतो. 2025 च्या सिन्नरचा बाजार कशावरून ओळखणार?

म्हणून माझं सांगणं साधं आहे. आपल्या तालुक्याशी नातं असलेलं एक तिकीट शोधा. महाराष्ट्रातल्या अनेक तालुक्यांत एखाद्या संताचं, गडाचं, लेण्याचं किंवा माणसाचं तिकीट निघालेलं आहे. त्या स्थळाचं चित्र शोधा. कार्ड मिळालं नाही तर गावातल्या फोटोवाल्याला सांगून वेगळ्या कोनातून काढलेल्या फोटोची चार कार्डं छापून घ्या, दुकानात ठेवा, लोकांना विकत घेऊ द्या. मग ती घेऊन गावच्या पोस्टात जा आणि पोस्टमास्तरांना नीट शिक्का मारायला सांगा. आणि पोस्टातल्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती: तो माणूस तुमच्याकडे तिकिटासाठी आलेला नाही, तुमच्या गावाच्या नावासाठी आलेला आहे. खिळे साफ करा, शाई बेताची घ्या आणि त्याला ते नाव पुरतं वाचता येईल असं द्या.