इटलीतल्या रेस्टॉरंटचं बिल फुगतं कशामुळे? ‘कोपेर्तो’ आणि ‘एट्टो’ हे दोन शब्द माहीत हवेत

२०१९ मध्ये रोममधल्या एका रेस्टॉरंटचं बिल सोशल मीडियावर जगभर फिरलं होतं. दोन जपानी तरुणींनी मासळी घातलेली स्पॅगेटी खाल्ली, पाणी प्यायलं आणि बिल आलं ४२९ युरो ८० सेंट. त्यातले ८० युरो तर टिपचे होते. रेस्टॉरंटचं म्हणणं होतं, मेन्यूत सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे.

खरी मेख तिथेच आहे. पर्यटकांच्या भागात बऱ्याच वेळा मेन्यूत खरंच लिहिलेलं असतं, फक्त ते शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात आणि इटालियनमध्ये असतं.

कोपेर्तो म्हणजे काय?

टेबलावर बसल्याचे माणशी पैसे. टेबलक्लॉथ, काटे-चमचे आणि ब्रेडची टोपली त्यात येते. साधारण १ ते ३ युरो, उंची ठिकाणी जास्त. ब्रेडला हात लावला नाही तरी ते द्यावेच लागतात. आपल्याकडे बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. त्यामुळे ‘हे काढून टाका’ म्हणायची सवय लागली असेल, तर इटलीत ती उपयोगी पडत नाही. मेन्यूत छापलेला कोपेर्तो तिथे रीतसर आहे.

अपवाद रोमचा. रोम ज्या लाझिओ प्रांतात येतं, तिथे २००६ च्या प्रांतिक कायद्याने कोपेर्तोला बंदी आहे. मग काही जण ‘पाने’ म्हणजे ब्रेड, या नावाने पैसे लावतात. ब्रेड नको असेल तर टोपली आल्या आल्या परत पाठवायची.

‘सेर्वित्सिओ’ हा वेगळा प्रकार. हा सर्व्हिस चार्ज, बहुधा टक्क्यांत. तो लावलेला असेल तर वर टिप द्यायची काहीच गरज नाही. तसंही इटलीत टिप सक्तीची नसते.

मोठा फटका बसतो तो एट्टोमुळे

एट्टो म्हणजे १०० ग्रॅम. ताजी मासळी आणि फ्लोरेन्सचा प्रसिद्ध ‘बिस्तेका आल्ला फिओरेन्तिना’ हा स्टेक वजनावर विकतात. मेन्यूत आकडा दिसतो ७ युरो, आपल्याला वाटतं प्लेट स्वस्त आहे. पण तो दर १०० ग्रॅमचा असतो. मासा ९०० ग्रॅमचा निघाला की झाले ६३ युरो, आणि वजन करतात ते शिजवण्याआधी, काट्यांसकट. फिओरेन्तिना तर सहसा किलोच्या आसपास किंवा त्याहून मोठाच असतो, दोघातिघांत वाटून खायचा. म्हणून वेटर ‘आजचा ताजा मासा’ सुचवतो तेव्हा आधी वजन आणि एकूण किंमत विचारायची. यात लाजण्यासारखं काही नाही, स्थानिक लोकही विचारतात.

मेन्यूतली आन्तिपास्तो, प्रिमो, सेकोन्दो, दोल्चे ही रांग बघून दडपून जायचंही कारण नाही. सगळं मागवावं लागत नाही. प्रिमो म्हणजे पास्ता किंवा रिसोतो, एवढ्यावर भागतं. पाणी मात्र बहुतेक ठिकाणी बाटलीतलंच येतं आणि त्याचे पैसे पडतात.

व्हेनिसच्या सॅन मार्को चौकातल्या जुन्या कॅफेंमध्ये वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचेही पैसे बिलात येतात. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलावर महाग.

शाकाहारी असाल तर

नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने बनतं, नियमच तसा आहे. हेच चीज पेस्तोत असतं आणि रिसोतोतही. चालत नसेल तर ‘सेन्झा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, असं सांगायचं. पिझ्झा मरिनारामध्ये मुळातच चीज नसतं, टोमॅटो, लसूण आणि ओरेगॅनोवर काम होतं.

आत शिरण्याआधी दाराबाहेर लावलेला मेन्यू बघा. त्यावर दर नसतील तर पुढचं रेस्टॉरंट गाठा. जेवण झाल्यावर बिल आपणहून येत नाही, ‘इल कोन्तो, पेर फाव्होरे’ म्हणून मागावं लागतं. आलं की आधी माणसं मोजा, मग कोपेर्तो, आणि वजनावर घेतलेल्या पदार्थाचे ग्रॅम ताडून मगच कार्ड पुढे करा.