वारा फिरला नव्हता

1728 चा सप्टेंबर. थेम्स नदीवर सैर करणाऱ्या एका शिडाच्या होडीत ऑक्सफर्डचे खगोलशास्त्राचे प्राध्यापक जेम्स ब्रॅडली बसले होते. होडी या काठाकडून त्या काठाकडे वळली की डोलकाठीच्या टोकावरचा वातदर्शक थोडा फिरे. असं तीन-चारदा झालं. ब्रॅडली मुकाट्याने पाहत राहिले आणि अखेर खलाशांना म्हणाले, होडी वळते नेमकी तेव्हाच वाऱ्याचीही दिशा कशी बदलते? वारा बदललेलाच नाही, होडीची दिशा बदलली म्हणून तसं दिसतं, असं खलाशांनी सांगितलं.

टॉमस टॉमसन यांनी 1812 मध्ये प्रसिद्ध केलेल्या रॉयल सोसायटीच्या इतिहासात ही हकिकत आहे. खलाशांची नावं तिच्यात नाहीत.

त्यांचं म्हणणं आकड्यांत मांडून पाहता येतं. उत्तरेकडून 10 नॉट वेगाने वारा येतोय आणि होडी 4 नॉटने ईशान्येकडे चालली आहे, असं धरू. पुढे जाणारी होडी समोरच्या हवेत शिरते, तेव्हा समोरून वारा आल्यासारखं वाटतं आणि तो वारा खऱ्या वाऱ्यात मिसळतो. त्यामुळे होडीवर वारा उत्तरेच्या 12 अंश पूर्वेकडून आल्यासारखा वाटतो, तोही 13 नॉटचा. होडी वळून वायव्येला निघाली की तोच वारा 12 अंश पश्चिमेकडून येऊ लागतो. काठावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र तो सगळा वेळ उत्तरेचाच लागतो. होडीवर जाणवणारा हा वारा म्हणजे भासमान वारा. शीड त्याच्यावरच चालतं आणि वातदर्शकही तोच दाखवतो.

ब्रॅडलींना या उत्तराचं मोल कळलं, कारण त्यांच्यापुढे तीन वर्षं एक कोडं पडून होतं. 1725 च्या डिसेंबरात क्यू इथे सॅम्युएल मॉलिन्यू यांच्या घरी जॉर्ज ग्रॅहम यांनी बनवलेली उभी दुर्बीण बसवली गेली. लंडनच्या जवळपास थेट माथ्यावरून जाणारा, कालेय तारकासमूहातला गॅमा तारा तिच्यातून पाहायचा होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तेव्हा जवळचा तारा वर्षभरात किंचित सरकलेला दिसायला हवा. तेवढं सरकणं मोजायचं, हा बेत. तारा सरकला खरा, पण भलत्याच दिशेला. मार्चपर्यंत तो सुमारे 20 विकला, म्हणजे अंशाच्या अगदी लहान भागाएवढा, दक्षिणेला गेला, जूनमध्ये मूळ जागी आला आणि सप्टेंबरात तेवढाच उत्तरेला गेला. अपेक्षेपेक्षा हे सगळं तीन महिने पुढेमागे होतं.

पृथ्वीला होडी मानलं आणि ताऱ्याच्या प्रकाशाला वारा, की कोडं सुटतं. पृथ्वी सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर धावते. प्रकाशाचा वेग त्याच्या दहा हजार पट आहे, म्हणून ताऱ्याच्या दिशेत फरक पडतो तो जेमतेम 20 विकलांचा. पृथ्वीच्या गतीची दिशा वर्षभर बदलत राहते आणि त्याबरोबर हा फरकही फिरतो. एडमंड हॅली यांना लिहिलेल्या पत्रात ब्रॅडलींनी हा शोध मांडला. 1729 च्या जानेवारीत तो रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला सुमारे 8 मिनिटं 12 सेकंद लागतात, असा हिशेबही त्यांनी यावरून केला. आजचा आकडा 8 मिनिटं 19 सेकंद आहे. पृथ्वी खरोखर सूर्याभोवती फिरते, याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा होता. त्या लेखात होडीचा उल्लेख नाही.

खलाशांच्या लेखी मात्र ही रोजची, जिवावरची गोष्ट होती. पाठीमागून 10 नॉटचा वारा घेऊन 4 नॉटने चाललेल्या होडीवर वारा जाणवतो फक्त 6 नॉट. डेकवर सगळं निवांत वाटतं. तीच होडी वळवून वाऱ्यावर चढवली की 13 नॉटचा झोत अंगावर येतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून शिडावरचा भार साडेचारपटींहून जास्त होतो. वाऱ्याला पाठ असतानाच शीड कमी करून ठेवायची शिस्त यातूनच आली.

वातदर्शक पुढे सुधारत गेले. 1960 च्या दशकात स्वीडनमध्ये तयार झालेला विंडेक्स आज जगभरच्या डोलकाठ्यांवर दिसतो. बाणाच्या मागे त्याला दोन पट्ट्या असतात. बाणाची शेपूट एका पट्टीवर आली, की वाऱ्याच्या दिशेला होडी जितकी जवळ नेता येते तितकी ती गेली आहे, असं समजायचं. शिडाला दोन्ही बाजूंनी लोकरीचे धागेही चिकटवलेले असतात. ते दोन्ही मागे सरळ वाहत असले की शीड बरोबर. वाऱ्याकडचा धागा फडफडला तर शीड आत ओढायचं, पलीकडचा फडफडला तर सैल सोडायचं.

होडी जितकी वेगवान, तितका तिचा स्वतःचा वारा मोठा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोठलेल्या हडसन नदीवर शिडाच्या बर्फगाड्या काठाने जाणाऱ्या आगगाड्यांशी शर्यत लावत. बर्फावर घर्षण जवळपास नसल्यामुळे त्या वाऱ्याहून कितीतरी जास्त वेगाने धावत. 2013 च्या अमेरिकाज कप शर्यतीत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जाणाऱ्या होड्यांनी 40 नॉटचा वेग ओलांडला, वाऱ्याच्या वेगाच्या दुपटीच्या आसपास. खरा वारा पाठीमागून असतानाही त्यांच्यावर वारा पुढच्या बाजूनेच येत होता. म्हणून अशा वेळीही त्यांची शिडं आत ओढून घट्ट धरलेली असत.