वाचन-लेखन स्टँड, अल्पदृष्टी व्यक्तींसाठी

पुस्तक, वही किंवा सुटा कागद डोळ्यांसमोर हव्या त्या उंचीवर, अंतरावर आणि उतारावर पक्का धरून ठेवणारे साधन. भारतातील 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/18 पेक्षा कमी व 3/60 पर्यंत असेल, किंवा दृष्टिक्षेत्र 40 अंशांहून कमी व 10 अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी. अशा पुष्कळांना छापील मजकूर वाचता येतो, पण अगदी जवळून. स्टँडला भिंग नसते, त्यामुळे तो किरकोळ समजला जातो. ही समजूत चुकीची आहे.

कागद 40 सेंमी.वरून 20 सेंमी.वर आणला की दृष्टिपटलावरची प्रतिमा दुप्पट होते, 10 सेंमी.वर आणला की चौपट. लहान मुलांचे डोळे इतके जवळचे बहुधा आपोआप जुळवून घेतात. चाळिशीनंतर त्यासाठी जाड भिंग लागते. +10 डायॉप्टरच्या भिंगातून कागद सुमारे 10 सेंमी.वरच स्पष्ट दिसतो आणि एखादा सेंटिमीटर मागेपुढे झाला तरी अक्षर धूसर होते. हातात धरलेले पुस्तक इतके स्थिर राहत नाही. टेबलावर सपाट ठेवावे, तर पानाचा वरचा भाग डोळ्यापासून दूर पडतो आणि वाकलेल्या डोक्याची सावली नेमकी ओळीवर येते. पाठ-मान अवघडते ती वेगळीच. मूल अभ्यासाला कंटाळते असे घरच्यांना वाटू लागले, तर आधी ते कसे बसून वाचते ते पाहावे.

पारायणाला वापरतात ते लाकडी व्यासपीठ याच घराण्यातले, पण त्याचा कोन आणि उंची ठरलेली असते. अल्पदृष्टीसाठीच्या स्टँडची फळी बिजागरीवर उचलता येते आणि खाचांत किंवा स्क्रूने अडकवता येते. खाली पुस्तक टेकवायला पट्टी, पाने धरायला चिमटे. फळीचा रंग गडद आणि चकाकी नसलेला असावा, कारण चकचकीत सनमायकावरून परतणारा उजेड डोळ्यांत जातो. वर्णकहीनता (अल्बिनिझम) असलेल्यांना तर तो असह्य होतो. पीतबिंदूच्या विकारात मधली दृष्टी जाते. असे वाचक डोळा एका बाजूला स्थिर ठेवून कागदच सरकवतात. त्यांना आडवी सरकणारी पट्टी उपयोगी पडते. डोळे सतत हलत असतील (नेत्रदोलन), तर काहींना मान एका बाजूला वळवल्यावर अधिक स्पष्ट दिसते. त्यांचा स्टँड मधोमध न ठेवता त्यानुसार बाजूला घ्यावा.

लेखनाचे गणित वेगळे आहे. वाचताना फळी बरीच उभी चालते. लिहिताना ती खाली आणावी लागते, नाहीतर हात लोंबकळतो आणि टोक वर झालेल्या बॉलपेनची शाई तुटते. स्केचपेन उभ्या फळीवरही चालते. दहा सेंटिमीटरच्या अंतरात पेन आणि हात मावत नाहीत, म्हणून लिहिण्यासाठी बहुधा कमी नंबरचे भिंग आणि जाड, काळ्या ओळींची वही देतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेखाली लटकतात. वरची ओळ ठळक दिसली की लिहिणाऱ्याला आधार मिळतो, मात्र अनुस्वार आणि रफार यांना तिच्या वर जागा ठेवावी लागते.

दिवा शक्यतो लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूला आणि कागदाजवळ असावा. लहान बल्बचे अंतर निम्मे केले, तर कागदावरचा उजेड सुमारे चौपट होतो. छताची ट्यूब बदलण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

अमेरिकेत रँड कॉर्पोरेशनमधील गणितज्ञ सॅम्युएल जेनेन्स्की यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस वाचनासाठी क्लोज्ड-सर्किट टीव्हीची यंत्रणा पुढे आणली. ते स्वतः अल्पदृष्टी होते. अशा यंत्रात कागद सरकत्या मेजावर ठेवतात आणि अक्षर पडद्यावर मोठे दिसते. आता मोबाइलचा कॅमेराही ते काम करतो, मात्र त्यालाही कागदावर स्थिर धरणारा दांडा हवाच.

स्टँड घेण्याआधी चष्म्याचा नंबर आणि वाचनाचे अंतर तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे, आणि रोजचे पुस्तक सोबत नेऊन फळीवर ठेवून पाहावे. घडीचा हलका स्टँड प्रवासापुरता ठीक. रोजच्या अभ्यासाला जड बैठकीचाच घ्यावा.