थोरल्या वाद्याच्या तारा : तांत, रुपें आणि पोलाद

आपल्या चर्चच्या माडीवर, ऑर्गनच्या डाव्या बाजूस, भिंतीच्या कोपऱ्यांत एक थोरलें वाद्य उभें असतें. मुलें त्यास व्हायोलिनचा आजा म्हणतात. त्याचें रूढ नांव डबल बेस. पोर्तुगीज भाषेंत त्यास राबेकांव म्हणतात, व गोव्याहून आलेल्या आपल्या वडील मंडळींच्या तोंडीं अद्याप तेंच नांव आहे. ह्या महोत्सवानिमित्त त्यास नव्या तारा घालाव्या असें गायनमंडळानें ठरविलें, आणि त्या कोणत्या असाव्या ह्याविषयीं लागलीच दोन पक्ष पडले. वडील पक्षाचें म्हणणें असें कीं, मिस्सेच्या वेळीं हें वाद्य गजानें वाजतें. तेव्हां गजाला मानवतील अशाच तारा हव्यात. तरुणांचें म्हणणें असें कीं, नाताळच्या गीतांना, सणाच्या रात्रीं व लग्नसमारंभांत तें बोटांनीं छेडून वाजवावें लागतें. मग ज्या तारेचा नाद बोट उचलतांच विझतो ती काय कामाची? निवाडा आमच्याकडे आला. आम्ही सेमिनरींत लॅटिन व ईश्वरज्ञान शिकलों, तारांचें शास्त्र शिकलों नाहीं. परंतु ह्या वाद्याचा आम्हीं एकदां अपराध केला आहे, तो पुढें सांगूं. त्या कारणानें ह्या प्रश्नाचा मागोवा घेणें आम्हांस भागच होतें.

मूळ तार म्हणजे तांत. हा शब्द आपल्याकडे पिंजाऱ्याच्या धनुकलीमुळें सर्वांस ठाऊक आहे. सारंगीवरही तांतच चढवितात. मेंढीचीं आंतडीं स्वच्छ धुवून, त्यांचे पदर एकत्र पिळून व वाळवून ती करीत. इटलींत अब्रुझ्झी प्रांतांतील साल्ले हें गांव ह्या धंद्याविषयीं प्रसिद्ध होतें. इंग्रजी भाषेंतील तिच्या नांवांत मांजराचा उल्लेख आहे खरा, पण मांजराचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं.

तांतीचा स्वर गोड, पण खर्जांत तिची अडचण होते. ती अडचण गणितानें मांडणारा पुरुष धर्मगुरुच होता हें सांगावयास आम्हांस आनंद वाटतो. मिनिम संघाचे फ्रेंच धर्मगुरु मारिन मेर्सेन (१५८८–१६४८) ह्यांनीं १६३६ सालच्या आपल्या ग्रंथांत तारेची लांबी, ताण व जाडी ह्यांचा स्वराशीं संबंध सांगितला. लांबी व ताण तेच ठेवून स्वर एक सप्तक खालीं आणावयाचा असेल तर तार चौपट वजनाची, म्हणजे तांतीच्या बाबतींत दुप्पट जाड, हवी. डबल बेसच्या चार तारा वरून खालीं जी, डी, ए व ई अशा लागतात. सर्वांत खालची ई तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते, वरची जी ९८ वेळां. म्हणजे निव्वळ तांतीची ई तार जी तारेच्या जवळजवळ अडीचपट जाड करावी लागे. असली दोरखंडासारखी तार वांकत नाहीं. गज फिरविला तर ती उशिरां जागी होते, आणि छेडली तर आवाजाऐवजीं नुसता ठोका ऐकूं येतो.

उपाय सांपडला तो सतराव्या शतकाच्या मध्यांत. तांतीभोंवतीं रुप्याची किंवा तांब्याची बारीक तार गुंडाळावयाची. तेणेंकरून वजन वाढतें, पण तार लवचिकच राहते. लंडन येथील सॅम्युअल हार्टलिब ह्यांच्या १६५९ सालच्या टिपणांत अशा तारांचा उल्लेख आहे, व १६६४ सालीं जॉन प्लेफर्ड ह्या प्रकाशकानें त्यांची जाहिरातच दिली. आपल्या तंबोऱ्याच्या खर्जास पोलादाऐवजीं पितळेची जाड तार लावितात, त्यामागें हीच गरज आहे.

तरी डबल बेसवाल्यांपैकीं पुष्कळांनीं निराळाच मार्ग पत्करिला : त्यांनीं खालची तार काढूनच टाकिली. इटलींत व इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांतही तीन तारांचें वाद्य प्रचारांत होतें. त्या तीन तारांवर जगास थक्क करणारा वादक म्हणजे दोमेनिको द्रागोनेत्ती. १७६३ सालीं व्हेनिस येथें त्याचा जन्म झाला, व १७८७ सालीं तेथील संत मार्क बासिलिकाच्या वाद्यवृंदांत तो दाखल झाला. चर्चच्या माडीवरूनच तो जगांत गेला, हें आपल्या गायनमंडळानें ध्यानांत ठेवावें. त्याचें आवडतें वाद्य गास्पारो दा सालो ह्या जुन्या कारागिराच्या हातचें. तें त्यास व्हिचेंझा येथील बेनेडिक्टाईन भगिनींच्या मठाकडून मिळालें अशी परंपरा आहे. १७९९ सालीं व्हिएन्नांत त्यानें बेथोव्हेनबरोबर चेलोकरितां लिहिलेला सोनाटा ह्या अजस्र वाद्यावर वाजविला, तेव्हां बेथोव्हेननें वाद्यासकट त्यास मिठी मारिली म्हणतात. त्याचे दिवस बहुतेक लंडनांत गेले व १८४६ सालीं तेथेंच तो वारला. वाद्य मात्र त्यानें संत मार्कलाच ठेविलें. त्याच्या तारा तांतीच्या होत्या, आणि त्या काळीं गज व बोट ह्यांचा तंटा नव्हता. कारण दुसरी तारच नव्हती.

तंटा पोलादानें आणिला. विसाव्या शतकाच्या आरंभीं व्हायोलिनच्या वरच्या तारेसाठीं पोलाद आलें, आणि १९१९ सालीं व्हिएन्नांत स्थापन झालेल्या थोमास्तिक-इन्फेल्ड मंडळीनें धातूच्या तारांस प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच सुमारास अमेरिकेंत जॅझ संगीतानें डबल बेसवाल्याच्या हातांतून गज जवळजवळ काढूनच घेतला. ताल धरणें हें त्याचें मुख्य काम झालें. ही लाट मुंबईसही आली. १९३५ सालीं लिऑन ॲबी ह्या अमेरिकन वादकानें ताजमहाल हॉटेलांत आपला जथा आणिला, आणि पुढें गोव्याच्या धर्मग्रामशाळांत स्वरलिपि शिकलेले आपले ख्रिस्ती वादक रात्रीं हॉटेलांत व दिवसा चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवूं लागले. रविवारीं सकाळीं मिस्सेंत गज आणि शनिवारीं रात्रीं बोट, अशी त्यांतील कित्येकांची स्थिति असे. ह्या दुहेरी चाकरींतच आपल्या आजच्या प्रश्नाचें मूळ आहे.

आतां दोहोंच्या गरजा भिन्न कां, तें पाहूं. गजाच्या केसांस राळ लाविलेली असते. ती तारेस क्षणभर पकडून ओढते, तार निसटते, पुन्हा पकडली जाते. हें पकडणें व निसटणें प्रत्येक कंपाबरोबर घडतें. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ ह्यानें १८६३ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्या हालचालीचें विवेचन केलें आहे. गजाला शक्ति सतत पुरविता येते. म्हणून तार स्वतः फार वेळ घुमली नाहीं तरी चालतें, किंबहुना थोडी लवकर विझणारी तार बरी, कारण ती गजाची आज्ञा चटकन ऐकते व जुना स्वर नव्यांत मिसळत नाहीं. बोटाचें तसें नाहीं. बोट एकदांच शक्ति देतें आणि दूर होतें. त्या एका दानावर तारेस शेवटपर्यंत निर्वाह करावयाचा असतो. पोलादांत आंतील घर्षण कमी, म्हणून नाद लांबतो. तांतींत जास्त, म्हणून तो लवकर मावळतो. पोलादी तारांतही भेद आहेत. थोमास्तिकच्याच स्पिरोकोर नांवाच्या तारेचा गाभा पीळदार पोलादाचा असून छेडल्यावर ती फार वेळ गाते. जॅझवाले तिच्यावर लुब्ध आहेत, पण गजाखालीं ती नवीन असतांना खरखरते. उलट जर्मनीच्या पिरास्त्रो मंडळीची फ्लेक्सोकोर ही पोलादी असूनही गजासाठींच नांवाजलेली आहे.

आमचा अपराध तो हा. आम्ही तरुण सहायक धर्मगुरु असतांना एका चर्चमध्यें जुना, तांतीसाठीं बांधलेला डबल बेस होता. पावसाळ्यांत तांत हवेंतील ओल शोषी, उपदेश संपेपर्यंत स्वर सरके, आणि एका सणाच्या मिस्सेंत तर ग्लोरिया चालू असतांच एक तार तुटली. आम्हांस लाज वाटली. कोणासही न विचारतां आम्हीं मुंबईहून जबर ताणाच्या पोलादी तारा मागविल्या व एका दुपारीं सर्व जुन्या तारा एकदम सोडून त्या चढविल्या. पोलादी तारेचा ताण पंचवीस ते तीस किलोग्रॅमच्या घरांत जातो, आणि अशा चार. सर्व मिळून एक शंभर किलोंच्या पोत्याहून अधिक ओढ! तारा सोडतांच आंतील उभी खुंटी खालीं पडली. ही खुंटी वरची फळी व पाठ ह्यांमध्यें नुसत्या दाबानें उभी असते. इटालियन लोक तिला आनिमा, म्हणजे आत्मा, म्हणतात. ती पडल्याचें आम्हांस कळलेंच नाहीं. आधाराविना फळीवर तो भार आला, आणि तिसऱ्या दिवशीं ती घोडीच्या पायाखालीं चिरली. तें वाद्य पुन्हा नीट झालें नाहीं. तेथील म्हाताऱ्या वादकानें आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. तो पुढील रविवारीं माडीवर आला, वाद्याकडे पाहून परतला, व नंतर खालीं बांकावर बसूं लागला. तें आम्ही विसरलों नाहीं.

वडील पक्षानें चर्चेंत पोपमहाशयांचा आधार आणिला होता. संत दहावे पायस ह्यांनीं १९०३ सालीं संत सिसिलियेच्या सणाच्या दिवशीं काढलेल्या फर्मानानें ऑर्गनेतर वाद्यांस बिशपांची परवानगी लागे. बारावे पायस ह्यांनीं मात्र १९५५ च्या नाताळांत काढलेल्या विश्वपत्रांत गजानें वाजणाऱ्या वाद्यांची विशेष वाखाणणी केली. हें खरें आहे. पण तरुणांपैकीं एकानें दावीद राजाचें नांव काढिलें, आणि तेंही खोटें नाहीं. दावीदाची वीणा छेडूनच वाजे, गज त्या काळीं अस्तित्वांतच नव्हता. ह्या वादांत धर्मशास्त्र दोन्ही पक्षांस सारखेंच अनुकूळ असल्यामुळें आम्हीं तें बाजूस ठेविलें आणि वाद्यास विचारिलें.

आपलें वाद्य जुनें, वरची फळी पातळ, आणि समुद्र जवळ. म्हणून निव्वळ तांत नको. पावसाळ्याचे चार महिने ती छळील. जबर पोलादही नको. गुंडाळलेल्या तांतीचा, पिरास्त्रोच्या यूडोक्सा नांवाचा, संच आम्हांस मनापासून आवडतो. परंतु तोही ओलीस भितो. कांहीं वादक वर दोन तांती व खालीं दोन पोलादी तारा असा मिश्र संसार करितात. छेडण्यास तो सुरेख, पण गज एका तारेवरून दुसरीवर नेतांना हाताचा दाब प्रत्येक वेळीं बदलावा लागतो. आपले वादक शाळा-कचेरी सांभाळून येणारे, त्यांना तो जमणार नाहीं. उरला तो कृत्रिम तंतूच्या गाभ्याचा संच. पिरास्त्रोच्या ओब्लिगातो तारा ह्या जातीच्या आहेत. गाभा तांतीच्या स्वभावाचा, ओल न शोषणारा. वर धातूचें वेष्टन. गज तीस सहज जागी करितो, आणि छेडल्यावर नाद तांतीहून लांब, स्पिरोकोरहून आंखूड. तरुणांनीं अमेरिकेच्या हेलिकोर हायब्रिड तारा सुचविल्या होत्या. त्याही गज व बोट दोहोंसाठींच केलेल्या आहेत, आणि आपलें वाद्य धडधाकट असतें तर आम्ही त्यांस होकार दिला असता. पण त्यांचा गाभा पोलादी आहे. एकदां चिरलेली फळी पाहिल्यावर आमचा हात तिकडे वळत नाहीं.

तेव्हां ओब्लिगातोचा संच मागविला आहे. किंमत पांच आंकड्यांत गेली. वडील पक्षानें अर्धी व तरुणांनीं अर्धी जमविली, हें हिशेबांत नमूद आहे. तारा एकेक करून बदलावयाच्या. एक काढावी, तिच्या जागीं नवी चढवून स्वरांत आणावी, मगच दुसरीस हात लावावा, म्हणजे घोडी व खुंटी आपल्या जागीं राहतात. नवी तार आठ-दहा दिवस सैल होत राहते, सबब हें काम महोत्सवाच्या दोन आठवडे आधीं, शनिवारीं दुपारीं, माडीवर करण्याचें ठरलें आहे. काढलेल्या तारा कागदांत गुंडाळून, कोणती कोठची तें वर लिहून, ऑर्गनच्या पेटींत ठेवाव्या. सणाच्या दिवशीं एखादी तुटलीच तर त्याच उपयोगीं पडतील.